अंगावरचे दूध तोडायचे आहे, पण बाळाला दुधाचे वावडे आहे

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, माझा मुलगा १९ महिन्यांचा आहे. तो ७ महिन्यांचा असताना आम्ही त्याला म्हशीच्या दुधात शिजवलेली नाचणीची खीर पहिल्यांदा भरवली. दोन चमचे पोटात गेले असतील नसतील, तोच पंधरा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि त्याला दोनदा उलटी झाली. डॉक्टरांनी रक्त तपासून दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असल्याचे सांगितले आणि त्याचे दूध व दुधाचे सर्व पदार्थ बंद केले. तेव्हापासून मीही दूध, दही, तूप सोडले आहे. खरे तर बाळंतपणानंतर मी दुधातली हळिवाची खीर आणि तुपातले डिंकाचे लाडू भरपूर खात होते आणि तेव्हा त्याला काही झाले नव्हते; परंतु आईने खाल्लेले अंगावरच्या दुधात उतरते, असे सगळे म्हणाले, म्हणून मी धोका पत्करला नाही.

आम्ही फोंड्याला राहतो आणि मी नोकरीसाठी रोज पणजीला जाते. मुलगा सकाळी उठल्यावर, संध्याकाळी मी घरी आल्यावर, झोपताना आणि रात्री निदान तीन वेळा अंगावर पितो. दिवसभर तो सासूबाईंजवळ असतो. त्या त्याला उकड्या तांदळाची पेज, डाळभात, केळे आणि हुमणातल्या माशाचा तुकडा भरवतात, पण तो फार थोडे खातो. त्याचे वजन ९.८ किलो आहे. दीड वर्ष सलग झोप नसल्याने मी अगदी थकून गेले आहे आणि गणेशचवथीपर्यंत दूध तोडावे असे मनात आहे. सासूबाई म्हणतात, शेळीचे दूध सुरू कर. शेजारच्या वहिनी म्हणतात, लॅक्टोज नसलेली पावडर मिळते, ती दे. माझी आई म्हणते, छातीला कोरफड लाव आणि चार दिवस मुलाला माझ्याकडे पाठव. दूध तोडल्यावर त्याला नेमके काय द्यावे? त्याची प्रतिकारशक्ती कमी होईल का?
— एक आई, फोंडा

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, ते आधी सोडवून घेऊ. अंगावरचे दूध तोडणे हा एक प्रश्न आहे आणि गाईम्हशीचे दूध चालत नसताना मुलाचे पोषण कसे करायचे हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला तुम्ही गेले वर्षभर तोंड देतच आहात. अंगावरचे दूध चालू असल्यामुळे तो फक्त झाकलेला राहिला. घरातली सगळी मंडळी ‘हे दूध गेले की ते दूध’ अशा हिशेबाने बोलत आहेत, पण १९ महिन्यांच्या मुलाला अंगावरच्या दुधाच्या जागी दुसरे दूध लागतेच असे नाही. त्याला पोटभर आणि विचारपूर्वक वाढलेले जेवण लागते. म्हणून आधी ताट बसवायचे आणि मग एकेक पाजणे कमी करायचे, असा क्रम ठेवावा. हा क्रम उलटा झाला, तर मूलही उपाशी राहते आणि आईचा निश्चयही तिसऱ्या रात्री मोडतो.

त्याआधी तुम्ही जाता जाता लिहिलेले एक वाक्य मला पुन्हा तुमच्यासमोर ठेवायचे आहे, कारण माझ्या दृष्टीने पत्रातले तेच सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. पहिले सात महिने तुम्ही दूधतूप खात होता, मूल अंगावर पीत होते आणि त्याला काहीही झाले नाही. दुधाची ॲलर्जी म्हणजे गाईम्हशीच्या दुधातल्या केसीन आणि व्हे या प्रथिनांचे वावडे. आईच्या दुधाचे वावडे मुलाला नसते. आईने खाल्लेल्या दुधातल्या प्रथिनांचे अत्यंत सूक्ष्म अंश, म्हणजे ग्रॅमच्या अब्जावधीव्या भागात मोजावे लागतील इतके, तिच्या दुधात उतरतात. काही मुलांना तेवढ्यानेही त्रास होतो आणि त्यांच्या आईने पथ्य पाळावेच लागते. परंतु ज्यांना तुमच्या मुलासारखी मिनिटांत उठणारी ॲलर्जी असते, त्यांतल्या बहुतेकांना अंगावरच्या दुधातून त्रास होत नाही. तुमचे वर्षभराचे पथ्य कदाचित आवश्यकच नव्हते. मात्र आता मध्ये इतका काळ गेल्यावर ते आपणहून मोडू नका. मुलाच्या डॉक्टरांना ही हकीकत सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने ठरवा. तोपर्यंत स्वतःच्या कॅल्शियमकडे लक्ष द्या, कारण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पाजणाऱ्या आईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते आणि दुधाशिवाय ते गोळीखेरीज भरून निघणे कठीण असते. दूध पूर्ण तुटल्यावर तुम्ही दूधदही निश्चिंतपणे खाऊ शकता. फक्त खाल्ल्यावर हात आणि तोंड धुऊन मुलाला जवळ घ्या.

दूध तोडलेच पाहिजे का, हेही सांगते. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही आई-मुलाची इच्छा असेल तोवर पाजावे असे म्हणते, आणि ॲलर्जीमुळे थांबवण्याचे कोणतेही कारण नाही. पाजत राहिल्याने ॲलर्जी बरी होत नाही आणि थांबवल्याने वाढतही नाही. तुम्ही थकला आहात, हे कारण मात्र पुरेसे आहे. त्यासाठी आणखी कोणते कारण शोधण्याची गरज नाही.

आता शेजारच्या वहिनींची पावडर. हा सल्ला अतिशय सद्भावनेने दिला जातो आणि तोच सर्वांत धोक्याचा आहे. लॅक्टोज ही दुधातली साखर आहे. ती तुमच्या दुधातही भरपूर आहे आणि मुलगा रोज पचवतो आहे. पावडरीतून साखर काढली तरी ज्या प्रथिनांनी त्याचे ओठ सुजले, ती तशीच्या तशी राहतात. शेळीच्या दुधाचे उत्तर पुढच्या पत्रात आहेच. तुमच्यापुरते इतकेच की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहांतल्या नऊहून अधिक मुलांना शेळीच्या दुधानेही त्रास होतो.

मग ताटात काय वाढायचे? या बाबतीत गोव्यात राहणे हे तुमचे भाग्य आहे, कारण आपले स्वयंपाकघर मुळात दुधावर नव्हे, नारळावर उभे आहे. देशावरची आई मुलाला दूधभात, दहीभात, तूपमेतकूट भरवत असते आणि दूध बंद झाले की तिच्या हातातले सगळेच जाते. आपल्याकडे तिजण, मणगणे, पातोळ्या, सांना हे सारे दुधाच्या थेंबाशिवाय होते. नाचणी रात्री भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, नारळाच्या रसात आणि गुळात शिजवलेले तिजण हा तुमच्या मुलाचा सकाळचा पहिला घास व्हायला हरकत नाही. त्यात वाटतानाच चमचाभर भाजलेले तीळ घालता येतील. तीळ त्याने आजवर खाल्ले नसतील तर प्रथम अगदी थोडे, दिवसा आणि तो बरा असताना द्यावेत, कारण तिळाचीही ॲलर्जी काही मुलांना असते. एक गोष्ट लक्षात ठेवा की नारळाच्या रसाला आपण दूध म्हणत असलो तरी तो दुधाची जागा घेत नाही. त्यात स्निग्धता भरपूर असते, प्रथिने थोडी आणि कॅल्शियम नगण्य असते. बदाम, ओट किंवा तांदळाच्या तयार ‘दुधांचे’ही बहुतांशी तेच आहे. सोयाबीनचे चालत असल्यास कॅल्शियम घातलेले, साखर नसलेले सोया दूध पेल्यातून देता येते, पण दुधाबरोबर सोयाचेही वावडे असणारी मुले असतात, म्हणून डॉक्टरांना विचारूनच ते सुरू करावे.

थोडा हिशेब मांडते. दुसऱ्या वर्षात मुलाच्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग अंगावरच्या दुधातून येऊ शकतो. या वयाला दिवसाला सुमारे १००० कॅलरी लागतात, असे धरले तर तीनशेच्या आसपास कॅलरी जेवणातून वाढवाव्या लागतील. पातळ पेजेने ते होणार नाही. पेज पाणीदार असते आणि लहान पोट पाण्यानेच भरते. तिचा भात घट्ट ठेवा, त्यात मऊ शिजवलेली मुगाची डाळ घोटा आणि वरून चमचाभर खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल सोडा. तुपाची उणीव त्याने भरून निघते. दिवसातून तीन-चार जेवणे आणि मध्ये एकदोन वेळा खाऊ, असे वेळापत्रक सासूबाईंशी बसून ठरवा. त्यांना हे काम पथ्य म्हणून न सांगता जबाबदारी म्हणून सोपवा, कारण दिवसभराची सूत्रे त्यांच्याच हाती आहेत.

कॅल्शियमचे गणित वेगळे आहे. १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम लागते. अर्धा लिटर आईच्या दुधात फार तर दीडशे मिलिग्रॅम असते, म्हणजे कमतरता दूध तोडल्यावर सुरू होणार नसून ती आजही असण्याचा संभव आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, त्यामुळे तीसेक ग्रॅम पिठाच्या तिजणातून शंभराच्या आसपास मिळते. तांबडी भाजी (लाल माठ) आणि शेवग्याचा पाला यांतही ते चांगले असते. अष्टमीला आपण आठवणीने करतो ती पाल्याची भाजी मुलासाठी आठवड्यातून दोनदा करावी, बारीक चिरून, खोबरे घालून. तांबड्या भाजीतले सगळे कॅल्शियम शरीराला मिळत नाही, हे खरे आहे. तारले कुकरमध्ये मऊ शिजवले की त्यांचे बारीक काटे बोटांत चुरगळतात. ते नीट कुस्करून भातात कालवले तर कॅल्शियम आणि प्रथिने दोन्ही मिळतात. मुड्डोशी बाळंतिणीला आणि मुलांना आपण देतोच, तिचे मांस हलके असते, पण काटे काढावे लागत असल्याने त्यातून कॅल्शियमचा लाभ कमी. जून आणि जुलैमधल्या मासेमारीबंदीच्या दिवसांत ताजे मासे कमी आणि महाग होतात; तेव्हा खाऱ्या सुक्या माशांऐवजी अंडी आणि कडधान्ये वाढवावीत. इतके करूनही ५०० चा आकडा बहुधा गाठला जात नाही, म्हणून कॅल्शियमचे औषध आणि ड जीवनसत्त्व किती द्यायचे, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्याच भेटीत रक्तातले हिमोग्लोबिनही तपासून घ्या. दीर्घकाळ अंगावर पिणाऱ्या आणि जेवण कमी असणाऱ्या मुलांत लोहाची कमतरता फार आढळते आणि लोह कमी झाले की भूक मंदावते. ‘खात नाही म्हणून पाजते आणि पाजते म्हणून खात नाही’ या चक्राचे मूळ कधीकधी तिथे असते. लोहाचे औषध दिले तर ते कॅल्शियमच्या औषधाबरोबर एकाच वेळी देऊ नये.

वजनाची काळजी थोडी करावी, फार करू नये. या वयाच्या मुलग्यांचे मध्यम वजन ११ किलोच्या आसपास असते आणि ९.८ हे निरोगी मर्यादेतच, पण खालच्या बाजूला आहे. एका आकड्यापेक्षा गेल्या सहा महिन्यांची रेघ महत्त्वाची. दूध तोडण्याच्या काळात दर महिन्याला त्याच काट्यावर वजन करा आणि ते दोनदा वाढले नाही तर तोडणे तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आता प्रत्यक्ष तोडणे. ताट नीट बसायला दोन-तीन आठवडे द्या आणि मग सकाळच्या पाजण्यापासून सुरुवात करा. मूल जागे होण्यापूर्वी तुम्ही उठलेल्या असाव्यात आणि त्याने डोळे उघडले की वडिलांनी त्याला थेट तिजणाच्या वाटीकडे न्यावे. मुलाने मागितले नाही तर आपण होऊन देऊ नये, आणि रडून मागितले तर पहिल्या दिवसांत नाकारूही नये. पाच ते सात दिवस गेले आणि छातीही सैल वाटू लागली की पुढचे पाजणे घ्या. संध्याकाळचे पाजणे मात्र भुकेपेक्षा भेटीचे असते. दिवसभराने आई दिसली की मूल तिच्या अंगाला बिलगते आणि दूध हा त्या भेटीचा भाग होतो. ती भेट तशीच ठेवा, जागा बदला; घरात पाऊल टाकताच नेहमीच्या खाटेवर बसण्याऐवजी बलकांवात (ओसरीवर) पंधरा मिनिटे त्याच्याबरोबर बसा, केळे किंवा पोदेराकडच्या (पाववाल्याकडच्या) पोळीचा तुकडा दोघांनी मिळून खा. ती पोळी बिनदुधाची असल्याची एकदा पोदेराला विचारून खात्री करून घ्या.

रात्रीची तीन पाजणी सर्वांत चिवट असतात आणि ती वडिलांशिवाय सुटत नाहीत, हे मी अनुभवाने सांगते. रात्रीचे जेवण उशिरा आणि भरपेट द्या. मग पहिल्या जागरणाला वडिलांनी थोपटावे, पेल्यातून दोन घोट पाणी द्यावे, पुन्हा थोपटावे. पहिल्या तीन-चार रात्री रडारड होईल, पण ती वडिलांच्या कुशीत होईल. तुम्ही त्या आठवड्यात शक्यतो दुसऱ्या खोलीत झोपा. उरलेल्या पाजण्यांची वेळ दर दोन रात्रींनी थोडी थोडी कमी करत जा. झोपतानाचे पाजणे सर्वांत शेवटी ठेवा, आणि ते सोडण्याआधी दात घासण्याच्या, गोष्टीच्या आणि दिवा मालवण्याच्या अलीकडे सरकवा, म्हणजे ‘दूध पीत पीत झोप’ ही गाठ आधी सुटेल. एकूण सहा ते आठ आठवडे लागले तर ते नेहमीचेच आहे. ताप, जुलाब, दात येण्याचा त्रास किंवा पाळणाघर बदलणे यांच्या दिवसांत नवे पाऊल टाकू नये.

कोरफड, कडुनिंब, किराईत ही आपल्या आया-आज्यांची जुनी शस्त्रे. त्यांनी दूध तुटते, हे मान्य आहे; पण ज्या जागी मुलाला दीड वर्ष आधार मिळाला, तीच जागा एका सकाळी कडू होते, आणि ज्या मुलाला नवे पदार्थ खायला शिकवायचे आहे त्याच्या मनात तोंडात जाणाऱ्या गोष्टीविषयी संशय निर्माण करणे आपल्याला परवडणारे नाही. मिरची तर कधीही लावू नये. मुलाला आजोळी पाठवण्याला माझा विरोध याहून ठाम आहे. त्यात मुलाला आई आणि दूध एकाच दिवशी हरवल्यासारखे वाटते, तुमची छाती एकदम तटते आणि ज्या घराला ॲलर्जीच्या पथ्याची सवय नाही तिथे चार दिवसांत चूक होण्याचा संभव असतो.

पान्हा सावकाश आटू द्या. छाती जड झाली तर दुखणे थांबेल इतकेच दूध पिळून काढा, पूर्ण रिकामी करू नका, कारण रिकामी केली की शरीर पुन्हा तेवढेच तयार करते. थंड ओल्या कापडाने आराम पडतो. छाती घट्ट बांधू नये. एखादी जागा लाल, गरम आणि दुखरी झाली आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दूध आटवण्याच्या गोळ्या औषधांच्या दुकानातून परस्पर घेऊ नका. शेवटची पाजणी सुटल्यावर काही दिवस उगाच रडू येते, उदास वाटते. संप्रेरकांच्या बदलामुळे असे होऊ शकते. दोन आठवड्यांत ते ओसरले नाही तर बोलून दाखवा, घरात आणि डॉक्टरांजवळही.

प्रतिकारशक्तीचे म्हणाल तर या वयाला मुलाची स्वतःची यंत्रणा बरीचशी तयार झालेली असते. १६ ते २४ महिन्यांत द्यायचे गोवर-रुबेलाचे आणि त्रिगुणीचे डोस झाले आहेत ना, ते पाहा. दुधाच्या ॲलर्जीमुळे नेहमीच्या लसी टाळण्याचे कारण नसते.

चवथीचा मुहूर्त मात्र सोडून द्या, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची आरास) बांधलेल्या घरात पंचवीस माणसे असतात, पंचामृत, पेढे आणि तुपातले लाडू हातोहात फिरत असतात आणि प्रत्येक काकीला, मावशीला मुलाच्या तोंडात प्रसाद घालायचा असतो. त्या दिवसांत तो निम्मा अंगावर पीत असला तर तुम्हालाच सोपे जाईल. त्याचा प्रसाद म्हणून गूळखोबरे आधीच एका वाटीत वेगळे ठेवा आणि ते सर्वांना सांगा. चुकून दूध पोटात गेले आणि नुसत्या गांधी उठल्या तर डॉक्टरांनी दिलेले ॲलर्जीचे औषध पुरते. परंतु आवाज घोगरा होणे, श्वासाला घरघर लागणे, पुन्हा पुन्हा उलटी होणे, मूल फिकट पडून गळून जाणे, यांतले काहीही दिसले तर मुलाला आडवे निजवा, श्वासाला त्रास होत असेल तर मांडीवर टेकून बसू द्या, आणि १०८ वर फोन करा. अशा वेळी ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हेच औषध असते. पहिल्या वेळी ओठ सुजले होते, म्हणून असा प्रसंग आला तर कोणी काय करायचे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि त्याची एक प्रत सासूबाईंकडे ठेवा.

प्रश्न : माझी नात दोन वर्षांची असून तिला दुधाचे वावडे आहे. महिन्यापूर्वी सुनेने अंगावरचे दूध तोडले. आमच्या गोठ्यात गावठी गाय आहे. हल्ली ज्याला ए-टू म्हणतात ते हेच दूध, असे ऐकते. ते चांगले उकळून, पाणी घालून, थेंबथेंब देऊन सवय करावी का? निदान घरचे कढवलेले तूप तरी भातावर घालू का? शेळीचे दूध हलके असते ना?
— एक आजी, डिचोली

उत्तर : आजी, घरी गाय असताना नातीला वाटीभर दूध देता येत नाही, हे दुःख मी समजू शकते. परंतु ए-वन आणि ए-टू हे केसीनच्या एका प्रकारातल्या बारीक फरकाचे नाव आहे. बाकीचे केसीन आणि व्हे प्रथिने गावठी गाईच्या दुधातही असतातच, आणि ॲलर्जी त्यांची असते. केसीन उकळल्याने नष्ट होत नाही. पाणी घातल्याने दूध पातळ होते, निर्धोक होत नाही. तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाला काही थेंबही पुरतात. शेळीच्या दुधातली प्रथिने गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की शरीर त्यांना वेगळे ओळखत नाही. तुपात स्निग्धांशच असतो असे आपण मानतो, पण घरी कढवलेल्या तुपात प्रथिनांचे अंश राहतात, म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय तेही नको.

थेंबथेंब देऊन सवय करण्याची तुमची कल्पना मात्र अगदीच निराधार नाही. त्या धर्तीचे उपचार तज्ज्ञ देतात, पण मोजून, देखरेखीखाली आणि आणीबाणीची औषधे हाताशी ठेवून. ओव्हनमध्ये बराच वेळ भाजलेल्या केक-बिस्किटातले दूध सुमारे ७० टक्के मुलांना सोसते, असेही आढळले आहे. मात्र तुमची नात त्यांत आहे का, हे घरी पाहायचे नसते. दुधाचे वावडे असलेली बहुसंख्य मुले वाढत्या वयात त्यातून बाहेर येतात, म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी तिला दाखवून तपासणी करून घ्या. तोवर दुकानातल्या पाकिटांवरची बारीक अक्षरे घरातल्या कोणा शिकलेल्या मुलाकडून वाचून घेत जा. पाकिटातल्या पदार्थात दूध असल्यास तसे छापणे आपल्या देशात बंधनकारक आहे, पण ते केसीन, केसीनेट, व्हे किंवा मिल्क सॉलिड्स अशा नावांनीही लपलेले असते. सुट्या फरसाणाला आणि बेकरीच्या बिस्किटांना असे काही छापलेले नसते, म्हणून ती टाळलेली बरी.

प्रश्न : माझा मुलगा नऊ महिन्यांचा आहे. तो दोन महिन्यांचा असताना त्याच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसत होते. मी दूध सोडल्यावर ते थांबले. पुढच्या महिन्यात मला कामावर रुजू व्हायचे आहे आणि अंगावरचे दूध पूर्ण बंद करावे असे वाटते. त्याला पेज, भाज्या आणि फळे देऊन भागेल का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही, भागणार नाही. फोंड्याच्या आईला मी जे सांगितले ते एक वर्षानंतरच्या मुलासाठी आहे. वर्षाच्या आत दूध हेच मुख्य अन्न असते आणि जेवण त्याला जोड असते. म्हणून तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत: पथ्य चालू ठेवून दूध पिळून ठेवणे, किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेली विशेष पावडर देणे. पिळलेले दूध खोलीतल्या साधारण २५ अंश तापमानाला चार तास टिकते, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याहून कमी, आणि फ्रिजमध्ये चार दिवस. ज्यांच्या कामाच्या जागी अर्धा तास दार लावून बसण्यापुरती खोली आहे, त्यांना पहिला मार्ग स्वस्त पडतो.

पावडर घ्यायची तर ती ज्यात दुधाची प्रथिने फार बारीक तुकड्यांत तोडलेली असतात अशी हवी. तिनेही त्रास झाला तर केवळ अमिनो आम्लांपासून बनवलेली पावडर असते. प्रथिने अर्धवटच तोडलेली, एचए म्हणून विकली जाणारी पावडर या कामाची नाही, आणि लॅक्टोजविरहित पावडरही या कामाची नाही. सोयाची पावडर सहा महिन्यांनंतर देता येते, परंतु तुमच्या मुलासारख्या उशिरा त्रास देणाऱ्या प्रकारात सोयाही न सोसणारी मुले बरीच असतात. मी कोणत्याही पावडरीचे नाव घेत नाही, ते मुद्दाम. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने आणि त्यातल्या २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालील मुलांच्या दुधपर्यायांच्या जाहिरातीला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

मात्र या महाग डब्यांवर पैसे खर्च करण्यापूर्वी डॉक्टरांना एक गोष्ट अवश्य विचारा. शीमध्ये रक्त दिसणारा हा प्रकार बहुधा लवकर बरा होतो आणि सहा महिने पथ्य झाल्यावर, ९ ते १२ महिन्यांच्या सुमारास, दूध सोसते का याची चाचणी घेतली जाते. सुरुवात पुष्कळदा आईने पुन्हा दूध खाण्यापासून होते. तुमचा मुलगा नेमका त्याच वयाचा आहे. चाचणी यशस्वी झाली तर तुमचा प्रश्नच बदलेल.

ती झाली नाही, किंवा पुन्हा रक्त दिसले, तर रुजू होण्याच्या दिवसाची वाट न पाहता आजपासूनच पावडरीची चव लावायला घ्या. ती कडवट असते, तिला उग्र वास येतो आणि नऊ महिन्यांचे मूल ती एकदम दिली तर थुंकून टाकते. पेल्यात तीन भाग तुमचे पिळलेले दूध आणि एक भाग तयार केलेली पावडर असे मिश्रण तीन दिवस द्या, मग निम्मे-निम्मे करा, मग एक भाग तुमचे आणि तीन भाग पावडरीचे. पावडर आधी डब्यावर सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा आणि नंतर त्यात दूध मिसळा. कोरडी पावडर दुधात टाकू नका, नाहीतर मिश्रण गरजेपेक्षा दाट होते.